देवाचा न्याय आणि माणसाची जीभ

मैत्रिणींनो, ह्या आठवड्यात लिंबाच्या लोणच्याला बुरशी का येते, ते लिहायचं मी ठरवलं होतं. मसाल्याचं प्रमाणसुद्धा कागदावर उतरवून ठेवलं होतं. पण परवा एक पत्र आलं आणि लोणचं राहिलं बाजूला.

पत्र आपल्या बीड जिल्ह्यातलंच आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, बाईंचं तर नाहीच. त्यांना नववा महिना भरत आला होता. पाळण्याची दोरीसुद्धा आणून ठेवली होती. बाळ पोटातच गेलं. ह्या गोष्टीला आता दोन महिने झाले. भेटायला येणाऱ्या बायका दारातच उसासा टाकून म्हणतात, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार बाई, देवाच्या घरी अन्याय नसतो." सासऱ्यांनी कुणाला तरी पत्रिका दाखवली. त्यात दोष निघाला. आता मोठी शांत करायची आणि त्यासाठी बाईंच्या हातातल्या पाटल्या मोडायच्या, असं घरात घाटतं आहे. शिकलेले धाकटे दीर वेगळंच सांगतात. "वहिनी, देव वगैरे काही नाही. ती सांजवात लावणं आधी बंद करा." बाई लिहितात, "मला दोघांचंही ऐकवत नाही. ताई, तुम्ही एवढंच सांगा, देव न्यायी आहे की नाही? आणि असेल तर मी काय केलं होतं?"

ह्या प्रश्नापुढे मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. मी तर चूल आणि लेखणी सांभाळणारी बाई. पण हाच प्रश्न आमच्या घरात, अंबाजोगाईला, ओसरीवर रात्र रात्र भांडला गेला आहे. तेव्हा काय झालं ते सांगते. त्यातून तुम्हाला काही उचलता आलं तर बघा.

साल १९९३. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून सगळे उशिरा निजले. पहाटे चारला चारेक मिनिटं कमी असतील, मांडणीवरचे डबे खणखणले आणि आम्ही अंगणात धावलो. आमच्याकडे तेवढ्यावर निभावलं. पण लातूरच्या पलीकडे, किल्लारी, सास्तूर भागात गावंच्या गावं जमीनदोस्त झाली होती. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं पुढे दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली. रात्री ज्या हातांनी देवाला निरोप दिला, ते हात पहाटे दगडमातीखाली होते. पितृपक्षसुद्धा अजून लागायचा होता.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, शाळेत विज्ञान शिकवायचे. भाकरी, चटणी आणि घोंगड्या भरून निघालेल्या एका ट्रकवर बसून ते तिकडे गेले. चौथ्या दिवशी परतले ते सासूबाईंच्या मावसबहिणीला घेऊन. त्यांचं घर किल्लारीच्या शेजारच्या गावात होतं. सून आणि दोन नातवंडं एकाच भिंतीखाली गेली. मुलगा नोकरीला लांब होता. मावशी तेवढ्या उकाडा होतो म्हणून अंगणात निजल्या होत्या, त्या वाचल्या. आमच्याकडे आल्यावर आठ दिवस त्यांच्या तोंडून दोनच वाक्यं निघत. "मी म्हातारी कशाला राहिले?" आणि "मी काय पाप केलं होतं?"

आणि इकडे ओसरीवर वाद पेटला होता.

आमचे मामंजी खादी घालणारे, गीता तोंडपाठ असलेले. ते म्हणाले, "पाप साचलं की धरणी कापते. हे मी सांगत नाही, खुद्द गांधीजींनी सांगितलं आहे. १९३४ साली बिहारात भूकंप झाला तेव्हा ते म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे."

मामंजींचं म्हणणं खोटं नव्हतं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात आणि नेपाळात मोठा भूकंप झाला होता आणि गांधीजी खरोखरच तसं बोलले होते. पण भाऊजी कसले ऐकतात! ते म्हणाले, "आणि त्यावर रवींद्रनाथ काय म्हणाले, ते का नाही सांगत तुम्ही?"

ते नंतर भाऊजींनी मला समजावून सांगितलं. रवींद्रनाथ ठाकूर गांधीजींना फार मानत. पण हे त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की भूकंपाची कारणं जमिनीत शोधावीत, माणसाच्या नीतीत नव्हेत. आणि लांब सुरक्षित बसलेल्या खऱ्या दोषींना धडा मिळावा म्हणून देव निरपराध गरिबांना चिरडतो, असं मानलं तर तो न्याय कसला? मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते पुढचंच. रवींद्रनाथांचा हा विरोध गांधीजींनी आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला, त्याच अंकात स्वतःचं उत्तर दिलं आणि माझी श्रद्धा मला सिद्ध करून दाखवता येणार नाही, हे मोकळेपणानं कबूल केलं. आपल्याकडे पंगतीत वांग्याच्या भाजीवरून अबोला धरणारी माणसं आहेत. ह्या दोघांचा स्नेह त्यानंतरही टिकला.

तर भाऊजींनी विचारलं, "अण्णा, मोठ्यांचं पाप एक वेळ धरून चालू. पाळण्यातल्या पोरांनी काय केलं होतं?"

"मागच्या जन्मीचं असतं," मामंजी म्हणाले.

"म्हणजे जे कुणालाच तपासता येत नाही, तिथं नेऊन उत्तर ठेवायचं!"

"मग तुझ्या विज्ञानाला विचार की, हेच घर का पडलं?"

"त्याचं उत्तर आहे." भाऊजी सरसावून बसले. "मी डोळ्यांनी बघून आलोय. घरांच्या भिंती दोन दोन, तीन तीन फूट जाड, ओबडधोबड दगडांच्या, आत नुसती माती. वर माळवद. पावसात गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले. एवढं ओझं डोक्यावर, आणि खाली दगडाला दगड धरून ठेवणारं काही नाही. काही ठिकाणी लाकडाचे खण उभेच्या उभे आहेत आणि भिंती तेवढ्या ढासळल्यात. अण्णा, माणसं भूकंपानं मेली नाहीत, घरांनी मारली."

हे भाऊजींचं म्हणणं मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. पुढे त्या भागात घरं बांधताना भिंतींना मजबूत पट्टे आणि कोपऱ्यांना सळया घालायला लोक शिकले, ते ह्याच समजुतीमुळे. पाप मोजत बसले असते तर पुन्हा तीच भिंत उभी राहिली असती. पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात १७५५ साली अगदी सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना असाच भूकंप झाला होता. त्यावर युरोपातल्या पंडितांत देवाच्या न्यायावरून मोठं वादळ उठलं. तेव्हा रूसो नावाच्या विचारवंतानं हेच दाखवून दिलं होतं. सहा सहा, सात सात मजल्यांची घरं एकमेकांना चिकटून काही निसर्गानं बांधली नव्हती.

पण मामंजीही काही कमी नव्हते. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "कसं मेले ते तू सांगितलंस. ते मला मान्य आहे. कशासाठी मेले, ते मात्र तुझ्या विज्ञानाला सांगता येत नाही."

"कशासाठीच नाही," भाऊजी म्हणाले. "तसं काही नसतंच."

बायांनो, मी भाकरी थापता थापता हे ऐकत होते आणि माझा हात थबकला. कारण आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यापाशी मावशी बसल्या होत्या. मामंजींच्या बोलण्यानं त्यांची सून आणि नातवंडं पापी ठरली होती. भाऊजींच्या बोलण्यानं ती कशासाठीच नाही, अशीच गेली होती. दोघांपैकी एकालाही मावशी दिसल्या नव्हत्या. त्यांनी हात जोडलेले होते. ते बघून भाऊजी आणखी बोलून गेले, "मावशी, ऐकणारं कुणी नाही हो वर. उगाच कशाला हात जोडता?"

सासूबाई चुलीपुढून उठल्या. माझ्या सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण गळ्यात तुळशीची माळ, आणि एकादशीला मैलभर चालून कीर्तन ऐकणाऱ्या. त्या ओसरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा मामंजींकडे वळल्या.

"अहो, चोखोबा कसे गेले?"

मामंजी गोंधळले.

"मंगळवेढ्याला गावकूस बांधत होते. ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. भिंतीखाली जातो तो पापी, असं तुम्ही म्हणता. मग चोखोबांचं पाप सांगा मला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी उचलून पंढरीत महाद्वारापुढे आणल्या. पापी माणसाच्या अस्थी कुणी देवाच्या दारात ठेवतं का?"

आमच्या घरात मामंजींना असं विचारणारं तोवर कुणी झालं नव्हतं. मग त्या भाऊजींकडे वळल्या.

"आणि तू रे? तुला देव नको तर तू नको मानू, मी कधी तुला प्रसाद घे म्हटलं? पण जिचं सगळं गेलं, तिच्या हातात एक जोडलेला हात उरलाय. तोही सोडवून घेतोस? त्याच्या जागी काय देणार आहेस तिला?"

भाऊजींना उत्तर सुचलं नाही. सासूबाई आत गेल्या, मावशींजवळ बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आक्का, तू काही केलं नाहीस." दर थोड्या वेळानं पुन्हा तेच. "तू काही केलं नाहीस." त्या रात्री आठ दिवसांत पहिल्यांदा मावशी मोकळेपणी रडल्या आणि अर्धी भाकरी दुधात कुस्करून जेवल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी बाजारातून गोड्या तेलाची बाटली आणि वातींची पुडी आणली आणि काही न बोलता मावशींपुढे ठेवली. ते नास्तिकच राहिले, आजही आहेत. मामंजी असेपर्यंत दोघांचा वाद थांबला नाही. पण मावशी घरात असताना पापाचा शब्द मामंजींच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

पुढे मी एकदा सासूबाईंना एकटीला विचारलं, "आई, तुम्हाला कधी देवाचा राग येत नाही?" त्या हसल्या. "येतो की. जनाबाई विठोबाला काय काय बोलली, ते ठाऊक आहे ना? ती आपल्या शेजारची, गंगाखेडची. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्यानं तर देवाला उभं करून विचारलं की आम्हाला असा जन्म का दिलास. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मुलगा गमावला. ते काय देवाशी गोडच बोलले असतील? अगं, भांडतो तोसुद्धा भक्तच असतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आपली योगेश्वरी. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले, असं सांगतात. ती कुमारिकाच राहिली. तिचं मागच्या जन्मीचं पाप म्हणायची छाती आहे का कुणाची? मग आपल्यातल्या पोरींना कसं म्हणता?"

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मी एक खूणगाठ बांधली आहे. देव आहे की नाही, तो न्यायी आहे की नाही, ह्यावर विद्वानांनी वाद घालावा, जरूर घालावा. महाराष्ट्रात तो उघडपणे झालेला आहे. डॉ. श्रीराम लागूंसारखा मोठा नट देवाला आता निवृत्त करा, असं चारचौघांत सांगत असे. त्यांच्याच व्यासपीठावर बसून डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला आहे. त्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून मारलं, ही आपल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे. वादाला उत्तर वादानंच द्यायचं असतं. पण दुःखात बसलेल्या माणसाच्या अंगावरून हा वाद नेऊ नये. पाप मोजायचंच असेल तर स्वतःचं मोजावं. गांधीजींचं बोलणं मला अजून पटत नाही. पण एक लक्षात घ्या, ते सवर्णांच्या, म्हणजे आपल्या माणसांच्या पापाबद्दल बोलत होते. मेलेल्यांना ते पापी म्हणाले नव्हते. आपण मात्र दुसऱ्याच्या दारात जाऊन तिचं पाप शोधतो.

आणि आपल्या जिल्ह्यात 'देवाची करणी' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. २०११ च्या जनगणनेत लहान मुलींचं प्रमाण आपल्या बीड जिल्ह्यात राज्यात सगळ्यात कमी निघालं. हजार मुलग्यांमागे आठशेच्या आसपास मुली. त्या मुली देवानं कमी पाठवल्या का? दसरा उलटला की ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. सरकारी समितीनं पाहणी केली तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. 'नशिबात होतं' म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. ते नशीब नव्हतं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी कापली जाणं, फडात ना पाण्याची सोय ना आडोसा, आणि खरा उपाय न सांगता थेट शस्त्रक्रियाच सुचवली जाणं, हे सगळं माणसांनीच केलेलं होतं. माणसानं केलेला अन्याय देवाच्या खात्यावर मांडला की करणारा सुटतो. श्रद्धा असलेल्या बाईनं तर हे मुळीच चालू देऊ नये, कारण त्यात तिच्या देवाचीच बदनामी आहे.

आता पत्र लिहिणाऱ्या माझ्या भगिनीला.

बाई गं, देव न्यायी आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी शपथेवर देते. तू काही केलं नाहीस. ग्रहणात सुरी धरली म्हणून नाही, उंबऱ्यावर बसलीस म्हणून नाही, मागच्या जन्मीचं म्हणून तर नाहीच.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. पाटल्या मोडू नकोस. तुझं स्त्रीधन तुझं आहे. तुझ्या मनाला बरं वाटत असेल तर घरच्या घरी एक दिवा लाव, अकरा रुपयांचा नारळ ठेव. ज्या शांतीला तुझे दागिने लागतात, ती तुझ्यासाठी नसते. चमत्काराचा दावा करून कुणी पैसे उकळत असेल, अंगात काही आहे म्हणून मारझोड करत असेल, तर त्याविरुद्ध २०१३ पासून राज्यात कायदा आहे. त्या कायद्यानं घरातली पूजा बंद होत नाही, वारी बंद होत नाही, हेही सासऱ्यांना शांतपणे सांग.

पाटल्या मोडण्यापेक्षा पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जा. आधीचे सगळे कागद बरोबर ने. रक्तगट, रक्तदाब, रक्तातली साखर, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन ह्या तपासण्या झाल्या आहेत का, ते विचार. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते मुद्दाम सांग. काही वेळा कारण सापडतं आणि पुढच्या वेळी काळजी घेता येते. काही वेळा नाहीच सापडत, आणि तोही तुझा दोष नसतो. बाळ नसताना दूध येतं, छाती दाटते, त्याची लाज वाटून बायका बोलत नाहीत. तेही विचार. झोप येत नसेल, अन्न जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फोन कर. दिवसरात्र केव्हाही करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

धाकट्या दिरांना माझा निरोप सांग. म्हणावं, भावजींचं म्हणणं खोटं नाही, पण सांजवात विझवण्याआधी वहिनीला दवाखान्यात घेऊन जा. आणि सांजवात तुला लावावीशी वाटली तर लाव, नाही वाटली तर चार महिने लावू नकोस. देव असेल तर तो तेवढं समजून घेईल.

राहिल्या भेटायला जाणाऱ्या तुम्ही-आम्ही. अशा घरी जाताना शहाणपण घरी ठेवून जा. जाताना डब्यात मऊ खिचडी न्या, भांडी विसळून द्या, मोठं मूल असेल तर दोन तास आपल्याकडे आणा. बाळाचं नाव ठरवलं होतं का, ते हळूच विचारा. नावानं कुणी विचारलं की आईला बरं वाटतं. आणि काही सुचलंच नाही तर माझ्या सासूबाईंचं एक वाक्य आहे. तेवढं पुरतं. "तू काही केलं नाहीस."

लिंबाच्या लोणच्याचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोपर्यंत बरणीला ओला चमचा लावू नका.